हातात नाही, डब्यात आहे!

‘हिचा हात चांगला आहे हं!’ मराठी घरातली ही सगळ्यात गोड आणि सगळ्यात फसवी कॉम्प्लिमेंट. पोळी फुगली, हात चांगला. रांगोळीची रेघ सरळ आली, हात चांगला. आणि भरतकामाचे टाके एकसारखे पडले, तर मग बघायलाच नको! गोची एवढीच की ज्यांचा ‘हात’ नाही, त्या पहिल्याच फेरीत बाद. शाळेतल्या शिवणाच्या तासापासून मी याच पार्टीतली.

अशा मला गेल्या दिवाळीत आजीने एक अभ्रा दिला. अर्धा मोर भरलेला, अर्धा नुसता छापलेला. ‘नेढं दिसत नाही गं आता. तू पुरा कर.’ आजी ८४ वर्षांची. तिने भरलेली पिसं म्हणजे रंग ओतून ठेवल्यासारखी, सपाट आणि चकचकीत. त्यांच्या शेजारी माझे टाके बसणार? घरात कुणालाच खात्री नव्हती. आई तर म्हणाली, ‘राहू दे तसाच, आठवण म्हणून.’

मी मात्र आधी फडक्यावर सराव करायचा ठरवला आणि पत्रकाराच्या सवयीने माहिती खणायला घेतली. कळलं ते असं. भरतकामाच्या दोऱ्यात ६ पदर असतात. टाका घेताना ते एकमेकांवर चढतात, पीळ पडतो आणि सॅटिन स्टिच गुठळ्या झाल्यासारखा दिसतो. यावर उपाय म्हणजे लेइंग टूल, एक बोथट टोकाची सळई. दोरा खाली ओढताना ती पदरांखाली धरायची, पदर शेजारी शेजारी झोपतात, मग हळूच काढून घ्यायची. जपानी भरतकामात हिलाच तेकोबारी म्हणतात. हे कळल्यावर बाकीचीही कोडी सुटत गेली. बुलियन नॉटचे वेढे सुईवर अडकतात, कारण साध्या सुईचं नेढं अंगापेक्षा जाड असतं. मिलिनर्स सुई वरपासून जवळजवळ सारखीच, म्हणून वेढे सर्रकन सरकतात. कापड सैल पडतं? रिंगच्या आतल्या कड्याला सुती पट्टी गुंडाळा. कच्छच्या मोची कारागिरांची भरभर पडणारी साखळी? ती आरीची करामत. चामड्यावर चालणाऱ्या हत्याराचंच हे नाजूक भावंड, टोकाला बारीक आकडा असलेलं. असाच आकडा १८व्या शतकात युरोपात पोचला आणि तिकडे टॅम्बूर म्हणून मिरवू लागला.

नवीकोरी सळई घेऊन मी ऐटीत आजीकडे गेले. ती हसली आणि तिने सुयांचा पत्र्याचा डबा उघडला. आत एक दाभण, टोक झिजून गुळगुळीत झालेलं. रिंग टेबलाच्या कडेला टेकवायची, उजव्या हातात सुई, डाव्या हातात दाभण. पन्नास वर्षं ती हेच करत होती!

‘मग कधी सांगितलं का नाहीस?’

‘कुणी विचारलंच नाही. सगळे म्हणायचे, हात चांगला.’

हे ऐकून मला कसंसंच झालं. आपण कौतुक केलं की तिचं डोकं पुसून टाकलं? ऑफिसात कुणी एक्सेलची युक्ती शोधली तर ती ‘स्किल’ म्हणून सीव्हीत जाते. आजीने युक्ती शोधली, तर ती देवाची देणगी! आणि देणगी म्हटली की ती कुणी शिकायचीही नसते, शिकवायचीही नसते. म्हणून तर आमच्या घरात भरतकाम आजीपाशीच थांबलं होतं.

आता रविवारी दुपारी आमचा क्लास असतो. आजीला टाका दिसत नाही, पण ती बोट फिरवून सांगते, ‘इथे पदर चढलाय, उसव.’ माझी चार पिसं तिच्या बोटाने पास केली आहेत, सात राहिली आहेत. दाभण आता माझ्याकडे आहे. नवीन सळई आईने पळवली.

तुमच्याही घरात असा एखादा ‘चांगला हात’ असेलच. या रविवारी त्याचं कौतुक जरा बाजूला ठेवा आणि डबा उघडून दाखवायला सांगा.