क्षमा मिळाली, पण कपाटाचं काय?



गेल्या वर्षी दशलक्षण पर्वाच्या आधी आम्ही बाथरूमचं काम काढलं. कंत्राटदार ओळखीचा, भावही बरा. तिसऱ्या दिवशी त्याच्या माणसाची छिन्नी पाइपला लागली आणि खालच्या काकूंच्या खोलीत पाण्याची धार सुरू झाली. छताचं प्लास्टर, गाद्या, लेकीच्या लग्नासाठी केलेलं नवं कपाट, सगळं भिजलं.

कंत्राटदार म्हणाला, "वहिनी, एवढे पैसे कुठून आणू?" खोटं बोलत नव्हता तो.

क्षमावाणीला मी खाली जाऊन हात जोडले. काकू म्हणाल्या, "क्षमा केली गं. पण कपाट फुगलंय ते फुगलंयच." शेवटी निम्मे आम्ही दिले, निम्मे त्याने हप्त्यांनी.

बी.कॉम.ला विम्याची तत्त्वं पाठ केली होती, घरात वापरायची सुचली नाहीत. आता गॅलरीची ग्रिल बदलायचीय, तर नव्या कंत्राटदाराला पहिलाच प्रश्न विचारला, "लायबिलिटी पॉलिसी आहे का?"

कामामुळे तिऱ्हाइताला इजा झाली किंवा त्याच्या वस्तूचं नुकसान झालं आणि कंत्राटदार जबाबदार ठरला, तर ही पॉलिसी अटींप्रमाणे भरपाई देते. पण कागद वाचायचा: मुदत आजची आहे का? आपलं काम त्यात बसतं का? एका अपघाताला किती, वर्षभरात एकूण किती? सुरुवातीची किती रक्कम कंत्राटदाराने स्वतः भरायची? त्याचंच वाईट काम पुन्हा करून देण्याचा खर्च सहसा यात येत नाही. त्याच्या कामगाराला लागलं तर त्यासाठीही वेगळा विमा असतो. 2025 पर्यंत त्यामागे 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा होता. तो कागदही मागा. उंचावर चढणारं पोर कोणाचं तरी असतंच.

विमा घेतला म्हणून निष्काळजीपणा चालतो असं नाही. आपल्याकडे प्रमादालाच हिंसेचं मूळ मानलंय. विमा प्रमाद धुऊन काढत नाही, फक्त दुसऱ्याचं नुकसान त्याच्याच माथी राहू देत नाही.

नव्या माणसाचा भाव थोडा जास्त आहे. हे कुरकुरले. मी म्हटलं, "अहो, मागच्या स्वस्ताईचा हिशोब काढू का?"

काल काकूंना काम सुरू होतंय म्हणून सांगून आले. म्हणाल्या, "कागद बघितलास ना?"