२०० ग्रॅमचं वजन

परवा रात्री साडेनऊला थोरल्या नातीचा फोन. एरवी ती रविवारी करते, म्हणून मी आधी घाबरलेच.

"आज्जी, एक विचारू? एका रजिस्टरवर सही करायचीय. सगळे न बघताच करतात. मी करू का?"

ती टिश्यू कल्चरच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागलीय. केळीची इवलीशी रोपं बाटल्यांत वाढवतात तिथे. त्या बाटल्या आधी ऑटोक्लेव्हमध्ये वाफवून निर्जंतुक कराव्या लागतात. ऑटोक्लेव्ह म्हणजे थोडक्यात मोठा, जाडजूड कुकर. आत १५ पौंडांचा दाब, १२१ अंशांची वाफ. दाब भलताच वाढला तर वाफ बाहेर सोडायला वर सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, आणि तो दर आठवड्याला तपासला अशी सही रजिस्टरात करायची असते.

मी जन्मभर मराठी शिकवलं. मला काय विचारतेस, असं म्हणून मोकळी झाले असते. पण या एका बाबतीत मला तसं म्हणता येत नाही. का, ते आजवर घरात कुणाला सांगितलेलं नाही. आज लिहून टाकते.

गोष्ट १९९४ सालची. आपल्या नगर जिल्ह्यातलीच शाळा (आता अहिल्यानगर म्हणायचं, जीभ वळायला वेळ लागतो). मी नुकतीच पर्यवेक्षिका झाले होते, आणि त्या खुर्चीबरोबर प्रयोगशाळेचं डेडस्टॉक रजिस्टर माझ्या गळ्यात आलं होतं. अकरावी-बारावीला पीकशास्त्र होतं. त्यात मुलांना धिंगरी अळिंबीचं बियाणं करायला शिकवत. ज्वारी अर्धवट शिजवायची, बाटल्यांत भरायची, कापसाचे बोळे लावायचे आणि ऑटोक्लेव्हमध्ये दीड-दोन तास वाफवायची. ते काम आमचे प्रयोगशाळेतले मामा करायचे. शाळेतल्या मामांना किती कामं असतात ते शिक्षकांना वेगळं सांगायला नको.

आमचा व्हॉल्व्ह अगदी साधा होता. झाकणाला ६ मिलिमीटरचं भोक, त्यावर बसलेलं ४०० ग्रॅमचं वजन. २० पौंडांच्या वर दाब गेला की वजन उचललं जायचं आणि वाफ निसटायची. पण आमच्याकडचं बोअरचं पाणी तुम्हाला माहीतच आहे, बादलीला आठ दिवसांत पांढरी पुटं चढतात. तोच क्षार भोकाच्या कडेवर बसला. वजन नीट टेकेना. दाब चढायच्या आधीच फुसफुस सुरू. बाटल्या वाफवायला दोनाचे चार तास लागायला लागले. रॉकेलचा स्टोव्ह, रॉकेल मोजून मिळायचं, आणि प्रात्यक्षिक परीक्षा तोंडावर.

यावरचा खरा उपाय काही अवघड नव्हता. वजन काढून भोकाची कड व्हिनेगरने साफ करायची, उजेडात धरून बघायची, आणि पुढे बोअरचं पाणी न घालता डिस्टिल्ड वॉटर वापरायचं. मामांना हे कुणी सांगितलेलंच नव्हतं. त्यांनी भौतिकशास्त्राच्या वजनपेटीतलं २०० ग्रॅमचं पितळी वजन आणलं, व्हॉल्व्हवर ठेवलं आणि बायंडिंगच्या तारेने आवळून टाकलं. फुसफुस थांबली. सगळे खूष.

४०० वर २०० म्हणजे दीडपट. आता तो व्हॉल्व्ह २० ऐवजी ३० पौंडांना उघडणार होता, आणि तारेने आवळल्यावर तेव्हाही उघडेल याची खात्री नव्हती. गणिताच्या सरांनी नंतर हिशोब करून दाखवला. फूटभर रुंदीच्या झाकणावर १५ पौंडांना आतून साडेसात क्विंटलहून जास्त जोर असतो. ज्वारीची साडेसात पोती! ३० पौंडांना पंधरा.

त्याच महिन्यात मी डेडस्टॉक तपासलं. वजनपेटीपुढे माझ्याच अक्षरात लिहिलं, "२०० ग्रॅम वजन १ नग, आढळले नाही". पुढच्याच पानावर लिहिलं, "ऑटोक्लेव्ह १ नग, सुस्थितीत". खाली सही. ते वजन माझ्यापासून दहा पावलांवर होतं. मी मान वर करून बघितलं नाही. आणि घरी? घरी कुकर लावायच्या आधी शिट्टीचं भोक रोज दिव्यासमोर धरून बघायचे. डाळीचं साल अडकलेलं मला कधी चुकलं नाही.

फेब्रुवारीतली दुपार होती. स्टोव्ह मोठा ठेवून मामा तास संपल्याची घंटा द्यायला गेले. तिथून त्यांना कुणीतरी खडू आणायला पिटाळलं. परत आले तेव्हा काटा लाल रेघेच्या पार गेलेला. स्टोव्ह बंद करायला वाकले, आणि त्याच बाजूने झाकणाचं रबर फाटलं. उजवा हात कोपरापर्यंत भाजला. तीन आठवडे नगरच्या दवाखान्यात होते.

खूप नंतर वाचनात आलं की १८०३ साली लंडनजवळ ग्रीनिचला रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या वाफेच्या इंजिनाचा बॉयलर फुटून चार माणसं गेली होती. बॉयलर सांभाळणारा मुलगा मासे धरायला गेला होता म्हणतात. ट्रेव्हिथिकने पुढच्या बॉयलरांना दोन व्हॉल्व्ह बसवले, त्यातला एक असा की चालवणाऱ्याचा हातच पोचू नये. शिवाय पाणी आटलं की वितळून वाफ सोडणारी शिशाची गुडदी. आपल्या कुकरच्या झाकणातला सेफ्टी व्हॉल्व्ह त्याच जातीचा. वाचताना माझ्या डोळ्यांपुढे ग्रीनिच नव्हतंच. घंटेकडे निघालेले मामा होते.

चौकशी झाली. अहवालात आलं, "परिचराचा निष्काळजीपणा". मामांना मेमो मिळाला, एक वेतनवाढ थांबली. तो कागद माझ्या टेबलावरूनच पुढे गेला. माझ्या रजिस्टराची दोन पानं कुणी मागितली नाहीत, मीही दाखवली नाहीत. मामा निवृत्त होईपर्यंत मला "बाई, चहा आणू का?" विचारत राहिले, त्याच हाताने कप ठेवत राहिले. त्यांना जाऊन आता चार वर्षं झाली. हे त्यांच्या हयातीत बोलायला हवं होतं.

असो. हे सगळं नातीला फोनवर सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आज्जी, आमचा स्प्रिंगचा आहे. दाब असताना लांब हातमोजे घालून, बाजूला उभं राहून त्याची कडी हळूच ओढायची. वाफ सुटली पाहिजे, आणि कडी सोडली की लगेच बंद झाली पाहिजे. स्प्रिंगच्या स्क्रूला तपासणीचं सील असतं, त्याला हात लावायचा नाही. असं पुस्तिकेत लिहिलंय."

"मग तू ओढून बघितलीस का?"

"नाही."

काल दुपारी तिचा पुन्हा फोन आला. कडी हललीच नाही म्हणे, जाम बसलेली. तिने सही केली नाही. "वापरू नये" अशी चिठ्ठी झाकणावर चिकटवली आणि साहेबांना लेखी कळवलं. दोन दिवसांचं काम अडलंय, बोलणी खाल्ली आहेत. नवा व्हॉल्व्ह तपासणीच्या दाखल्यासह मागवलाय, सोमवारी येईल. तो बसवताना जवळ उभं राहून बघ आणि बाहेर पडणाऱ्या वाफेचं तोंड कुणाच्या अंगावर येत नाही ना ते पाहा, एवढं मी तिला सांगितलं आहे.