मारुतीला पाणी कुठवर?

नाशिककराला पूर म्हटला की आठवतो दुतोंड्या मारुती. गोदावरीच्या पात्रात उभा असलेला हा देव म्हणजे आमचे पूर मोजायचे माप. पाणी त्याच्या गुडघ्याला, कमरेला की गळ्याला, एवढ्यावरून सराफ बाजारातला दुकानदार माल हलवायचा की नाही ते ठरवतो. ऑगस्ट २०१९ मध्ये मारुती पार बुडाला आणि आमच्या वाड्याच्या ओटीवर पाणी आले. शेजारच्या पोरांनी मला उचलून माडीवर नेले. तेव्हापासून इटलीत जिनोव्हाला राहणाऱ्या आमच्या लेकीने एकच धोशा लावला, "बाबा, वाडा विका आणि इकडे या."

गेल्या वर्षी उन्हाळ्यात तिच्याकडे गेलो, तो हा वाद सामानात बांधूनच. जिनोव्हा हे मॅझिनीचे गाव. भगूरच्या सावरकरांनी १९०७ साली त्याचे चरित्र मराठीत आणले, म्हणून आम्हा नाशिककरांना ते अगदीच परके नव्हे.

एका रविवारी लेक म्हणाली, "आज तुम्हांला मोटार जात नाही असे गाव दाखवते." कामोग्लीहून लाँचीत बसलो. अर्ध्या तासाने डोंगराच्या वळणाआड समुद्राचा एक चिमुकला कोपरा उघडला. सान फ्रुत्तुओझो. तिथे जायचे ते लाँचीने, नाहीतर डोंगर तुडवत. पाण्याच्या काठाशी हजारेक वर्षांचा मठ, आत डोरिया सरदारांच्या कबरी. त्यांच्याच शेजारी मारिया आवेन्यो नावाच्या एका कोळिणीला जागा दिली आहे. १८५५ साली येथे समोर एक जहाज पेटले, तेव्हा ती होडी घालून माणसे वाचवायला गेली आणि बुडाली. मला आमच्या आळीतली पोरे आठवली.

गोट्यांच्या किनाऱ्यावर बसून डबा उघडला. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. "बसायला जागा झकास आहे हो!" मी म्हणालो.

"बाबा, ही जागा पूर्वी नव्हतीच," लेक म्हणाली. १९१५ च्या सप्टेंबरात अतोनात पाऊस झाला. डोंगरावरून चिखल-दगडांचा लोंढा आला, त्याने देवळाचा पुढचा भाग पाडला, आणि त्याच गाळाचा हा किनारा झाला. त्याआधी लाटा मठाच्या कमानींना भिडत. १९३३ साली मठ पुन्हा उभा केला.

दशमी माझ्या हातातच राहिली. "पाहिलेस? पुराने पाडले म्हणून कुणी मठ विकला नाही!"

लेक काही बोलली नाही.

परतताना लाँचवाल्याने पाण्याकडे बोट दाखवले. खाली सतरा मीटरवर, १९५४ पासून, येशूचा ब्राँझचा पुतळा हात वर करून उभा आहे. वरून निळ्या पाण्याखेरीज काही दिसले नाही. मी हात जोडले आणि म्हणालो, "हा कायमचाच बुडालेला. आमचा मारुती पुन्हा वर येतो."

"येतो," ती हळूच म्हणाली, "पण तो वर येईपर्यंत इथे माझ्या जिवाचे काय होते, ते तुम्हांला ठाऊक नाही."

साऱ्या वाटेत मला उत्तर सुचले नाही.

वाडा विकलेला नाही. पण गंगापूर धरणातून पाणी सोडल्याची बातमी आली, की मी आता आपणहून पिशवी भरून गावाबाहेर धाकट्या भावाकडे जातो आणि लेकीला फोन लावतो. ती 'हॅलो' म्हणत नाही. एवढेच विचारते, "बाबा, मारुतीला पाणी कुठवर?"