दुसऱ्याच्या हातातली स्लाइड

प्रेझेंटेशनचं टेम्प्लेट करून देणाऱ्याला त्या स्लाइडवर शेवटचा हात फिरवायला मिळत नाही. आपण फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं जागच्या जागी बसवून देतो आणि फाइल एखाद्या संस्थेतल्या अधिकाऱ्याकडे जाते. सादरीकरण दुसऱ्या दिवशी सकाळी, आकडे रात्री उशिरा आलेले. मग ‘इथे शीर्षक लिहा’ या जागी आपल्या ध्यानीमनी नसलेलं लांबलचक वाक्य येऊन बसतं. आपलं काम कसं झालंय हे तेव्हा कळतं. रिकाम्या टेम्प्लेटच्या देखणेपणाला माझ्या लेखी फारशी किंमत नाही.

फिग्मात २०१९च्या अखेरीस ऑटो लेआउट आलं आणि या कामाची तऱ्हाच बदलली. त्याआधी मजकूर वाढला की खालची प्रत्येक गोष्ट हाताने सरकवायची. आता चौकटीलाच सांगून ठेवता येतं: आतल्या मजकुराएवढी हो, उरलेली जागा व्याप, नाहीतर ठरल्या मापाची राहा. हग, फिल आणि फिक्स्ड. एवढेच तीन शब्द, पण कुठल्या चौकटीला कोणता द्यायचा यावर सगळं अवलंबून असतं.

तीन जिल्ह्यांची तुलना दाखवणारी स्लाइड घ्या. शेजारी शेजारी तीन कार्डं, प्रत्येकात वर जिल्ह्याचं नाव आणि खाली मोठा आकडा. १९२० बाय १०८०च्या स्लाइडवर दोन्ही कडांना ९६ पिक्सेल सोडले आणि कार्डांमध्ये ४८ ठेवले, तर एकेका कार्डाला ५४४ पिक्सेल मिळतात. बीड आणि लातूर तिथे ऐसपैस बसतात. छत्रपती संभाजीनगर मोठ्या अक्षरात दोन ओळींवर जातं, त्या कार्डातला आकडा खाली ढकलला जातो आणि तिन्ही आकड्यांची रांग मोडते. तुलना करायला आलेली नजर तिथेच अडखळते. अशा वेळी नावाचा फाँट लहान करण्याचा मोह होतो, आणि तो टाळायलाच हवा. कार्डांच्या रांगेला स्लाइडची उरलेली उंची द्यावी, तिन्ही कार्डांनी ती पूर्ण व्यापावी आणि कार्डाच्या आत नाव वरच्या कडेला, आकडा खालच्या कडेला बांधून टाकावा. मग नाव एका ओळीचं असो की दोन, आकडे एका रेषेत राहतात. हीच स्लाइड जुन्या सभागृहातल्या ४:३ पडद्यासाठी १४४० रुंदीची केली, तर कार्ड ३८४ पिक्सेलचं होतं. तेव्हाही काही हलवावं लागत नाही.

देवनागरीचं गणित मात्र वेगळं आहे, आणि बाजारात मिळणारी बहुतेक टेम्प्लेटं रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेली असतात. रोमन शीर्षकाला ओळींमधलं कमी अंतर खुलून दिसतं. तेच माप मराठीला लावलं, तर वरच्या ओळीतल्या ‘मूल्यमापन’चा ऊकार खालच्या ओळीतल्या ‘वर्षी’च्या रफाराला जाऊन भिडतो. म्हणून ओळीची उंची मी फाँटच्या १.४ पटीखाली नेत नाही. अक्षरांमधलं अंतरही शून्यच ठेवते, कारण ते वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द विस्कटतो. तुटक शिरोरेषेचं शीर्षक भर सभेत पडद्यावर झळकताना पाहिलं की मला मनापासून वाईट वाटतं. आपल्या लिपीला एवढा तरी मान मिळायला हवा.

फिग्मात सगळं नीट बसलं, म्हणून काम संपत नाही. संस्थांमध्ये शेवटी फाइल उघडते ती पॉवरपॉइंटमध्ये आणि तिथे ऑटो लेआउट नाही. तिथला आधार स्लाइड मास्टर, म्हणजे सगळ्या स्लाइडचा मूळ साचा, आणि प्लेसहोल्डर, म्हणजे त्यातल्या मजकुराच्या राखीव जागा, यांचा. सुटी टेक्स्टबॉक्स दिसायला प्लेसहोल्डरसारखीच असते. पण मास्टरमध्ये बदल केला की प्लेसहोल्डर त्याच्या मागून जातो, सुटी बॉक्स होती तिथेच राहते. मजकूर जास्त झाला की फाँट आपोआप लहान करण्याची सोयही पॉवरपॉइंटमध्ये आहे. ती मी बंद ठेवते, कारण तिच्यामुळे एकाच सादरीकरणात प्रत्येक स्लाइडचं अक्षर वेगळ्या मापाचं होतं आणि ज्या स्लाइडवर सांगण्यासारखं सर्वांत जास्त असतं, नेमकी तीच मागच्या रांगेला वाचता येत नाही. फाँटचंही आधीच बघावं लागतं. समोरच्या संगणकावर आपण वापरलेला ‘मुक्त’ हा फाँट नसेल, तर त्याजागी निर्मला किंवा मंगल येऊन बसतो, शब्दांची रुंदी बदलते आणि ओळी भलतीकडेच मोडतात. त्यामुळे फाँट फाइलमध्ये अंतर्भूत करणं किंवा सोबत पाठवणं हा कामाचाच भाग धरावा.

लोक टेम्प्लेट मोडतात, अशी तक्रार आमच्या व्यवसायात सर्रास ऐकू येते. मला ती पटत नाही. कुणी घटक सुटा केला, म्हणजे डिटॅच केला, की मी आधी विचारते, त्यांना काय हवं होतं जे मिळालं नाही? बहुतेक वेळा हवा असतो चौथा मुद्दा. म्हणून मुद्द्यांच्या घटकात मी सहा ओळी करून ठेवते, तीन दिसणाऱ्या आणि तीन लपवलेल्या. लपवलेल्या ओळीला ऑटो लेआउट जागाच देत नाही, त्यामुळे ती असून नसल्यासारखी राहते आणि एका बटणावर हजर होते. लेअरना नावंही मराठीत देते: शीर्षक, उपशीर्षक, आकडा, स्रोत. ‘फ्रेम ४२७’मध्ये काय बदलायचं हे अधिकाऱ्याने ओळखावं, ही अपेक्षाच चुकीची आहे.

तुम्ही टेम्प्लेट करत असाल, तर पाठवण्यापूर्वी त्यातला नमुन्याचा मजकूर काढून टाका. सर्वांत लांब नाव, सर्वांत मोठा आकडा, तीन ओळींचं शीर्षक आणि एक रिकामी जागा, एवढं एकाच स्लाइडवर घालून बघा. आणि मग ती फाइल अशा माणसाला द्या, ज्याने फिग्मा कधी उघडलेलं नाही. तो काम करत असताना मध्ये बोलू नका.