वर्दी देणारा मनोरा

आगीची खबर देणाऱ्या मनोऱ्यावर घंटा असायचीच, असा आपला समज असतो. इस्तंबूलचा बायेझित मनोरा त्यास अपवाद आहे. ऑटोमन राजवटीत तेथील चर्चच्या घंटांवरही दीर्घकाळ निर्बंध होते. या मनोऱ्याने आगीची वर्दी कानांऐवजी डोळ्यांवर सोपवली.

त्याचा पूर्वेतिहास उपरोधाने भरलेला आहे. १७४९ साली उभारलेला लाकडी टेहळणी मनोरा १७५६ च्या आगीत स्वतःच जळाला. त्यानंतरचा लाकडी मनोराही १८२६ मध्ये, सुलतान दुसरा महमूद याने जानिसरी सैन्य मोडून काढले त्या धामधुमीत, नष्ट झाला. अखेर १८२८ मध्ये सेनेकेरिम बाल्यान या आर्मेनियन वास्तुविशारदाने दगडी मनोरा बांधला. उंची ८५ मीटर. खाली सरळ चढत गेलेला चिरेबंदी स्तंभ, वर टेहळणीची खोली आणि तिच्यावर १८४९ मध्ये चढवलेले तीन मजले.

वरचा पहारेकरी दिवसा टोपल्या टांगी, रात्री कंदील लावी. त्यांच्या मांडणीवरून आग खाडीच्या अलीकडे की पलीकडे, हे खाली उमगे. मग निरोपे गल्लोगल्ली धावत दवंडी देत, आणि वस्तीवस्तीतले बंबवाले हातपंप खांद्यावर घेऊन निघत.

आम्हां मराठीच्या अध्यापकांस या वास्तूचे आकर्षण वाटते ते ‘वर्दी’ या शब्दामुळे. आपल्याकडे अग्निशमन दलास आगीची वर्दी ‘मिळते’. वर्दी म्हणजे नुसता आक्रोश नव्हे. तीत ठिकाण असावे लागते. मराठी धोक्यात असल्याची हाक आम्ही प्रत्येक परिसंवादात ऐकतो. पण आग नेमकी कोठे आहे? शाळेच्या पहिलीत, पदवीच्या विषयनिवडीत, की ग्रंथालयाच्या न उघडलेल्या कपाटात? आमच्या पदव्युत्तर वर्गातील बाके दरवर्षी रिकामी होताना पाहत असता हा प्रश्न केवळ अलंकारिक उरत नाही. ठिकाण कळल्यावाचून बंब कोणत्या दिशेस धावणार?

१९२३ नंतर मनोऱ्याभोवतीचे युद्धमंत्रालयाचे आवार इस्तंबूल विद्यापीठाकडे आले. टेहळणीची जागा अशी अध्यापनाच्या अंगणात आली. हा इतिहासाचा योगायोग असेल. परंतु वर चढून पाहणे आणि खाली येऊन नेमके सांगणे, ही दोन्ही कामे अध्यापकाचीच आहेत, असे आम्हांस वाटते.