माळ्यावरची माती

घर बांधणारा मनुष्य पाया, भिंती, दारे-खिडक्या यांची चिंता फार करतो; परंतु डोक्यावरील छपराने पाऊस अडविला की त्याचे काम संपले असे समजून स्वस्थ बसतो. वस्तुतः वर्षातील चार महिने छपराचे भांडण पावसाशी असते, तर उरलेले आठ महिने ते उन्हाशी व थंडीशी असते. या दुसऱ्या भांडणात आमच्या दोन्ही घरांनी आम्हांस बरेच शिकविले. ते शिक्षण पुष्कळ उशिरा झाले, म्हणूनच येथे नमूद करीत आहो.

आमचे मूळ घर साताऱ्यास, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. वर कौले, त्यांखाली माळा, माळ्यास सागवानी तक्तपोशी आणि तिजवर वीतभर जाडीचा मातीचा थर. या मातीमुळे वैशाखातही मधल्या खोलीत गारवा असे आणि पौषाच्या थंडीत ऊब राही. यातील मर्म साधे आहे. जड माती उष्णता सावकाश घेते व सावकाश सोडते. दुपारचे ऊन तिच्यातून खाली उतरेतो सूर्य मावळलेला असतो. आमची आजी या मातीस 'घराची दुलई' म्हणे.

ता. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे सव्वाचारच्या पुढे कोयनेचा भूकंप झाला. तेव्हा आम्ही दहा वर्षांचे होतो. कोयनानगरकडे दीडशेहून अधिक माणसे दगावली. आमचे घर पडले नाही. पण तक्तपोशीच्या फटींतून माती आमच्या अंथरुणावर भुरभुरली आणि तुळया करकरल्या, तो आवाज अद्याप कानांत आहे. पुढील आठ दिवसांत तात्यांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, गडी लावून माळ्यावरची सारी माती खाली काढविली व परड्यात टाकविली.

त्या वर्षीचा उन्हाळा आम्हांस असह्य झाला. आजी पंख्याने वारा घेत येणाऱ्या-जाणाऱ्यास सांगे, "माझ्या सासऱ्यांनी घातलेली माती यांनी काढली, आणि पोरं भाजून काढली." तात्या उत्तर देत नसत. घाबरट मनुष्याने चांगले घर बिघडविले, असा आमचाही समज झाला होता. मुलांचे न्याय फार झटपट असतात, आणि ते बदलावयास कित्येकदा अर्धे आयुष्य लागते.

ता. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीस भूकंप झाला. चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि माळवदाची जड माती यांखाली निजलेली हजारो माणसे गाडली गेली. त्याच सुमारास शाळेत आम्ही घनफळाचा पाठ घेत होतो. सहज फळ्यावर उदाहरण घातले : खोली १२ फूट लांब, १० फूट रुंद, वर ९ इंच जाडीची माती, एका घनफुटाचे वजन सुमारे ४५ किलो, तर एकूण भार किती? मुलांनी उत्तर काढले, ४,०५० किलो. चार टनांहून अधिक! ती आमच्याच मधल्या खोलीची मापे होती. आम्ही खडू खाली ठेवला व खुर्चीवर बसलो. "गुरुजी, उत्तर चुकलं का?" असे एका मुलाने विचारले. उत्तर बरोबर होते. चुकलो होतो आम्ही. तात्या तेव्हा हयात नव्हते.

येथून या विषयाचे वेड आम्हांस लागले. ऊन छपरातून तीन वाटांनी खाली येते : वस्तूतून झिरपत, तापलेल्या हवेबरोबर, आणि किरणांच्या रूपाने. कोंडलेली स्थिर हवा पहिल्या दोन वाटा अडविते. म्हणूनच काचलोकर, जिला बाजारात ग्लासवूल म्हणतात, हलकी असूनही काम करते. तिच्या धाग्यांत हवा अडकून पडते. तिचा दोन इंच थर झिरपणारी उष्णता सुमारे दोन फूट मातीइतकी अडवितो, आणि आमच्या त्याच खोलीवर त्याचे वजन पुरते पंधरा किलोही भरत नाही. किरणांस मात्र चकचकीत वर्खाचा पडदा लागतो, आणि त्या वर्खासमोर दोन-तीन बोटे मोकळी पोकळी लागते. पत्र्यास चिकटवून लावला तर तो कुचकामाचा.

विद्या पुस्तकातून आली तरी शहाणपण ठेच लागूनच येते. सेवानिवृत्तीनंतर साताऱ्याच्या घरी आम्ही मोठ्या हौसेने काचलोकर आणली आणि थेट कौलांखाली ठोकून दिली. घर शाकारून घेण्याची आमच्या कुटुंबाने केलेली सूचना आम्ही 'नंतर पाहू' म्हणून बाजूस सारली. आषाढात चार फुटकी कौले गळली, लोकर भिजून गोण्यांसारखी लोंबू लागली. भिजलेल्या लोकरीत हवेच्या जागी पाणी भरते, मग ती उष्णता अडवीत नाही. शिवाय वाशांस बुरशी धरली ती निराळीच. दुसऱ्या वर्षी आधी कौले चाळून घेतली, मग नवी लोकर माळ्याच्या तक्तपोशीवर सैल पसरली व कौलांखालची हवा खेळती ठेवली. आता गळती झाली तर तत्काळ दिसते. कौलांच्या पावसाळी गावास हीच रीत योग्य, असे आमचे मत झाले आहे.

सांगलीची गोष्ट निराळी. तेथे गावभागात आमच्या धाकट्या बंधूंचे बिऱ्हाड आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी गाठली आणि तळमजला पाण्यात गेला. तेव्हापासून आईने खाली निजण्याचा धसकाच घेतला. तिच्यासाठी गच्चीवर पत्र्याची खोली बांधली. संस्कृतात घराच्या शिरोभागी असलेल्या खोलीस चंद्रशाला म्हणतात. ही मात्र वैशाखात शुद्ध सूर्यशाला होई. दोन वर्षांमागे एका दुपारी अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आईस तेथे घेरी आली. डॉक्टरांनी ऊन लागल्याचे सांगितले. आम्ही साताऱ्याहून तातडीने गेलो.

रात्री आईच्या खाटेशी सारे जमलो. बंधू म्हणाले, "दादा, फळ्यांचं छत करून वर आपल्या माळ्यासारखी माती घातली तर? काय गार वाटायचं!" भूकंपाच्या वेळी ते पाच वर्षांचे होते, त्यांना गारवा तेवढा आठवत होता. आम्ही वजनाचा हिशेब सांगण्यास तोंड उघडले, तोच आई म्हणाली, "माती नको. तात्यांनी माती काढली त्या रात्री ते मला म्हणाले होते, 'आई रागावेल, लोक हसतील, चालेल. पण माझी पोरं त्या मातीखाली निजतात.' सासूबाईंपुढे मी कधी बोलले नाही."

खोलीत कोणी काही बोलले नाही. ज्या उत्तरासाठी आम्हांस फळा, खडू व सव्वीस वर्षे लागली, ते तात्यांना एका पहाटेत कळले होते.

त्यानंतर त्या खोलीस आम्ही पुढीलप्रमाणे बंदोबस्त केला. पत्र्यावर वरून पांढरा रंग दिला, कारण ऊन घरात घेऊन अडविण्यापेक्षा वरच्या वर परतविणे केव्हाही बरे. खाली पोकळी सोडून वर्ख ताणला. त्याखाली छत करून त्यावर दोन इंच काचलोकर अंथरली. ती दाबून बसविली नाही, आणि कारागिरांस हातमोजे व तोंडास फडके बांधावयास लावले, कारण तिची कुसे अंगास खाजवितात. दोन्ही त्रिकोणी भिंतींस माथ्याजवळ जाळीचे झरोके ठेविले, म्हणजे तापलेली हवा निघून जाते. कोणी उसाची चिपाडे, कोणी भाताचा तूस सुचविला. पण उंदीर, वाळवी व आग यांच्या भयाने नाकारला. थर्मोकोल स्वस्त खरा, परंतु विजेच्या तारांजवळ तो पेटल्यास धूर जीवघेणा होतो.

पूर्वी त्या खोलीत दुपारी ४१ अंश दाखविणारा पारा गेल्या वैशाखात ३६ वर थांबला. हलके छप्पर सूर्यास्तानंतर लवकर निवतेही. मातीसारखी दिवसाची धग रात्री परत करीत नाही.

तात्पर्य, छपराखाली काय घालावे याचे एकच उत्तर सर्व गावांस लागू पडत नाही. प्रथम गळती, मग भार, मग आग, आणि सर्वांच्या शेवटी गारवा, या क्रमाने विचार करावा. यांतील भाराचे कलम आम्ही तात्यांकडून शिकलो. परड्यात टाकलेल्या त्या मातीत त्यांनी पारिजातक लावला होता. यंदाही तो फुलला. फुले वेचून आम्ही त्यांच्या तसबिरीस वाहिली.