नाक्यापुढच्या वळणावर

"आज अण्णाची रिक्षा केली नाहीस?" सासूबाईंनी दारातच विचारले.

"मेट्रोने आले आई, पुढे चालत," असे म्हणून सूनबाई आत गेली.

हे खरे नव्हते. मन्नडी मेट्रो स्टेशनपासून ती एका मुलाच्या मोटारसायकलवर बसून आली होती. परक्या माणसाच्या मागे बसलेले सासूबाईंना रुचणार नाही, हे तिला ठाऊक होते. पण चेन्नईच्या साहूकारपेट भागात संध्याकाळी रिक्षाने घरी येणे म्हणजे दिव्यच! मिंट स्ट्रीटवरच्या हातगाड्या, हमाल आणि स्कूटरच्या गर्दीत रिक्षा अडकली की अर्धा तास गेलाच. मोटारसायकल मात्र बोळाबोळांतून निघून जाते आणि पैसेही कमी पडतात.

सोने गाळण्याच्या धंद्यासाठी सांगलीकडून इथे आलेल्या या कुटुंबाला नाक्यावरचा अण्णा घरचाच वाटतो. सासऱ्यांच्या छातीत दुखू लागले तेव्हा रात्री दोन वाजता त्यानेच इस्पितळात पोहोचवले. भाडे मागितलेसुद्धा नाही, सासूबाईंनीच दुसऱ्या दिवशी नेऊन दिले. मुलांना शाळेत सोडणाराही तोच. आता त्याच्या स्टँडवर रिक्षा नुसत्या उभ्या दिसतात. अर्थात चेन्नईच्या रिक्षावाल्यांनीही लोकांना काही कमी सतावलेले नाही! सरकारने २०१३ मध्ये पहिल्या १.८ किलोमीटरला २५ रुपये आणि पुढे दर किलोमीटरला १२ रुपये असा दर ठरवला. इंधन महागत गेले, दर मात्र वर्षानुवर्षे तोच राहिला. मग मीटर कोण टाकणार? रोजच्या घासाघिशीला कंटाळून गिऱ्हाईक दुचाकीकडे वळले, त्यात नवल काय?

मोटारसायकलवाला मुलगाही तसा दूरचा नाही, मागच्याच गल्लीतला. दिवसभर दुकानात काम करतो आणि संध्याकाळी मोबाइलच्या ॲपवरून सवाऱ्या घेतो. ओळख झाल्यावर ॲपही बाजूला पडले. सरळ फोन करायचा आणि रोख पैसे द्यायचे. धाकट्या बहिणीची फी यातूनच भरतो, असे तो सांगतो.

परवा वळणावर गाडी घसरता घसरता वाचली. तेव्हा तो म्हणाला, "अक्का, कधी कोणी विचारलंच तर नातेवाईक आहे म्हणा."

त्या रात्री तिला नीट झोप लागली नाही. गाडीची पाटी पांढरी, म्हणजे खासगी. तिथे तिला 'ओन बोर्ड' म्हणतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे भाड्याने माणसे न्यायला परवाना लागतो. तो नसला तर अपघातानंतर विमा कंपनी भरपाईवरून वाद घालू शकते. हातपाय मोडले तर खर्च कोणाचा, त्या पोराचा? २०१९ मध्ये चेन्नई पोलिसांनी अशा गाड्या जप्त केल्या आणि प्रकरण मद्रास उच्च न्यायालयात गेले. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा तपासणीचे आदेश निघाले. गोव्यात मात्र पिवळ्या-काळ्या मोटारसायकलींचे 'पायलट' कितीतरी वर्षे परवाना घेऊन ठरलेल्या थांब्यावर उभे राहतात. तिथे सवारीला कोणाचे नातेवाईक व्हावे लागत नाही.

सकाळी ती निघाली तेव्हा अण्णा रिक्षाची काच पुसत होता.

"अम्मांचा गुडघा कसा आहे?" त्याने विचारले आणि मागची सीट फडक्याने झटकली.

"बरा आहे. आज चालतच जाते," ती म्हणाली.

पर्समधला फोन वाजत होता. मुलगा नाक्यापुढच्या वळणावर उभा होता. स्टँडसमोर थांबले की भांडण होते.